नवा यूएसबी ऑडिओ बोर्ड बिघडलेला निघाला? परत पाठवण्याआधीची तपासणी

सोलापुरात रेकॉर्डिंग आता स्टुडिओपुरतं राहिलेलं नाही. भजनी मंडळं अभंग घरीच रेकॉर्ड करतात, शिकवणीचे सर पाठ रेकॉर्ड करून मुलांना पाठवतात, रिक्षावर लावायच्या जाहिराती मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत एखाद्या खोलीत तयार होतात. या सगळ्यांच्या टेबलावर माइक आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं एक छोटं यंत्र असतं. कुणाकडे इंटरफेस, कुणाकडे यूएसबी असलेला लहान मिक्सर, कुणाकडे नुसता चिप बसवलेला उघडा बोर्ड. इथे सगळ्यांना 'बोर्ड'च म्हणतो, कारण तपासायची रीत एकच आहे.

नवा बोर्ड नीट चालेना, की लोक दोन टोकं गाठतात. काही जण त्याच दिवशी परत पाठवतात, आणि बदलून आलेल्या बोर्डातही तीच घरघर ऐकू येते, कारण ती घराच्या वायरिंगची असते. काही जण सेटिंगशी झटापट करत राहतात आणि तोवर परतीची मुदत संपते. मंडळानं वर्गणी काढून घेतलेली वस्तू अशी पडून राहिली की फार वाईट वाटतं. म्हणून सगळी तपासणी एका प्रश्नाभोवती ठेवा: केबल बदलली, पोर्ट बदलला, कॉम्प्युटर बदलला, खोली बदलली, तर दोष मागे राहतो की बोर्डाबरोबर येतो? बोर्डाबरोबर येत असेल तर बोर्ड परत करायचा. मागे राहत असेल तर बोर्ड चांगला आहे, दुरुस्ती दुसरीकडे करायची.

खोकं उघडतानाच

आधी मुदत पाहा. ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरच्या पानावर परतीची शेवटची तारीख दिलेली असते. तिथेच आणखी एक गोष्ट वाचा: पैसे परत मिळणार आहेत, की फक्त बदली मिळणार आहे? इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर बऱ्याचदा 'फक्त बदली' असं लिहिलेलं असतं, आणि पुढचा निर्णय त्यावर अवलंबून राहतो. दुकानातून घेतला असेल तर पक्कं बिल हवं, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख हवी.

खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. पत्त्याचं लेबल, सील, आतल्या वस्तू आणि बोर्डाच्या तळाचा सीरियल नंबर स्पष्ट दिसला पाहिजे. खोकं, प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोल, माहितीपत्रक, काही टाकू नका. बोर्डावरची पारदर्शक फिल्म तपासणी होईपर्यंत तशीच राहू द्या.

एक वही घ्या, किंवा मोबाइलमध्ये नोंद उघडा. 'आवाज खराब येतो' असं लिहून कुणालाच काही कळत नाही. 'उजव्या कानात आवाज नाही', '४८ व्होल्टचं बटण दाबलं की बोर्ड बंद पडतो', 'चार्जर लावला की घूं सुरू होतो' अशी नोंद करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर (बोर्ड चालवणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम) एकदमच बदलले आणि बोर्ड चालू झाला, तर तो कशामुळे चालू झाला हे कधीच कळणार नाही.

कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही

बोर्डावरचा दिवा लागला म्हणजे फक्त वीज पोचली. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात माहितीच्या तारा नसतातच. तेव्हा पहिलं काम, जिच्यातून फोटो किंवा फाइल कॉम्प्युटरवर जातात याची खात्री आहे अशी केबल लावायची. टाइप-सी असेल तर टोक उलटं करूनही पाहा. एका बाजूनं चालतो आणि उलटं लावलं की चालत नाही, असं दोन वेगवेगळ्या केबलांनी दिसलं तर बोर्डाचा सॉकेट सदोष आहे.

हब काढून टाका. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टांऐवजी मागचा, थेट मदरबोर्डावरचा पोर्ट वापरा. पुढचे पोर्ट आतून एका बारीक केबलनं जोडलेले असतात आणि तिथेच गडबड जास्त होते.

आता विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवा आणि बोर्ड लावा. यादीत खोक्यावरचं नाव दिसलं नाही तर घाबरू नका. सी-मीडिया कंपनीची चिप असलेले स्वस्त बोर्ड बऱ्याचदा 'यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस' म्हणून दिसतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम २९०२ चिप असलेले 'यूएसबी ऑडिओ कोडेक' म्हणून. तसं दिसणं हा दोष नाही.

दोष असतो तो पिवळ्या त्रिकोणात. 'कोड १०' म्हणजे बोर्ड ओळखला गेला, पण सुरू होऊ शकला नाही. इथे ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे. यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीच्या बोर्डांसाठी विंडोजमध्ये अंगचा ड्रायव्हर आला तो २०१७ साली, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत. घरात अजून विंडोज ७ चा डेस्कटॉप असेल, तर असा बोर्ड कंपनीचा ड्रायव्हर टाकल्याशिवाय चालणारच नाही. ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. जुना काढा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा, नवा टाका, आणि सांगितलं असेल तेव्हाच बोर्ड जोडा.

'कोड ४३', किंवा 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि पुढे 'डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', ही गोष्ट जास्त गंभीर आहे. बोर्ड लावल्याबरोबर कॉम्प्युटर त्याला 'तू कोण' असं विचारतो आणि बोर्डानं १८ बाइटचं एक लहानसं उत्तर द्यायचं असतं. ते उत्तरच येत नाही, असा या संदेशाचा अर्थ. इथपर्यंत ड्रायव्हरचा संबंधच येत नाही. दुसरी चांगली केबल, दुसरा पोर्ट आणि दुसरा कॉम्प्युटर वापरूनही हेच दिसलं, तर पुढचा एकही परिच्छेद वाचायची गरज नाही. बोर्ड परत करा.

घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोन कामाला येतो. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, यूएसबी ऑडिओची सोय आहे. ओटीजी जोडणी, म्हणजे फोनला यूएसबीची वस्तू लावायची जोडणी, तेवढी लागते. पण फोनच्या निकालाचा अर्थ नीट लावा. फोनवर बोर्ड चालला तर तो जिवंत आहे आणि दोष कॉम्प्युटरकडे आहे, हे जवळजवळ नक्की. फोनवर चालला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण फोन तेवढी वीज देऊ शकत नसेल. नकारासाठी दुसरा खरा कॉम्प्युटरच हवा.

दिसतो, पण मधेच गायब होतो

इथे पहिला संशय विजेवर. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. माइकसाठी ४८ व्होल्टची फँटम पॉवर (बोर्ड माइकच्या केबलमधूनच माइकला देतो ती वीज) चालू केली की बोर्डाची भूक वाढते, आणि कमकुवत पोर्टवर तो त्याच क्षणी गळतो. लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, यूएसबी २.० साठी केबलची मर्यादा ५ मीटर आहे, पण पोर्टवर चालणाऱ्या बोर्डाला मी एक-दीड मीटरच्या पुढे जाऊ देत नाही. यूएसबी मीटर मिळाला तर मधे लावून पाहा. कॉम्प्युटरच्या पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट अपेक्षित असतात. भार पडल्यावर आकडा त्याखाली जात असेल तर दोष बहुधा पोर्टचा आहे, बोर्डाचा नाही.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. वीज वाचवण्यासाठी विंडोज पोर्ट झोपवतं, आणि आपल्याला वाटतं बोर्डच मेला.

हे सगळं करूनही बोर्ड गळत असेल तर केबलचं टोक सॉकेटमध्ये अगदी हलकं हलवा. हलवल्यावर जोडणी तुटते का? दोन केबलांनी तुटत असेल तर सॉकेटचं सोल्डरिंग कच्चं आहे. त्याला फेव्हिक्विक लावू नका, चिकटपट्टीनं बांधू नका. परत करा.

उष्णतेचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी बसवत नाही. बोर्ड हाताला कोमट लागणं साहजिक आहे. पण सकाळी तासभर नीट चालणारा बोर्ड दुपारी अर्ध्या तासात गळत असेल आणि पंख्याखाली थंड झाला की पुन्हा उठत असेल, तर आतल्या कच्च्या जोडाचा दाट संशय घ्या. म्हणून तपासणी सकाळी एकदा आणि भर दुपारी एकदा करा. बोर्ड लॅपटॉपच्या गरम हवेच्या जाळीजवळ किंवा अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. त्याला न्याय द्यायचा तर मोकळ्या जागेत चाचणी घ्यावी.

टिकतो, पण आवाज नाही

या प्रकारात बोर्ड बऱ्याचदा निर्दोष निघतो. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंगच्या प्रायव्हसी विभागात मायक्रोफोनची परवानगी असते. ती बंद असेल तर कुठलाच प्रोग्रॅम रेकॉर्ड करू शकत नाही. मॅकमध्येही प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी परवानगी द्यावी लागते. मग रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये, उदाहरणार्थ ऑडॅसिटीमध्ये, इनपुट म्हणून लॅपटॉपचा माइक निवडलेला आहे की बोर्ड, ते पाहा.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, डायनॅमिकला लागत नाहीत. डायनॅमिक माइकचा आवाज मुळातच क्षीण असतो, गेनचं, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं, बटण बरंच पुढे न्यावं लागतं. 'आवाज बारीक येतो' या तक्रारीवर बोर्ड परत करण्याआधी कंडेन्सर माइक लावून पाहा.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: 'फक्त डाव्या कानात आवाज येतो.' माइक पहिल्या इनपुटला लावला आणि स्टिरिओ ट्रॅकवर रेकॉर्ड केलं, तर आवाज डावीकडेच येणार. ट्रॅक मोनो करा. याउलट गाणं वाजवतानाही एक बाजू मुकी असेल, तर हेडफोन दुसरा लावा. मुकी बाजू तशीच राहिली तर बोर्डाचं आउटपुट गेलं आहे.

बोर्डावर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण असेल तर ते मोठा पुरावा देतं. त्यात माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला येतो. तसा आवाज स्वच्छ येतो आणि रेकॉर्डिंगमध्ये मात्र काही नाही, म्हणजे माइकचा भाग ठीक आहे. दोष सेटिंगमध्ये किंवा बोर्डाच्या डिजिटल भागात. थेट आवाजही येत नाही, म्हणजे माइक, त्याची केबल किंवा बोर्डाचा पुढचा भाग. माइक आणि केबल बदलून पाहिलं की उत्तर समोर येतं. थेट आवाजही खरखरीत असेल तर कॉम्प्युटरला दोष देण्याचं कारण संपलं.

फँटम पॉवर मल्टिमीटरनं मोजता येते. माइकची तीन पिनांची एक्सएलआर केबल बोर्डाला लावा, माइक काढा, मोकळ्या टोकाच्या भोकांत १ आणि २ यांच्यामध्ये डीसी व्होल्टेज पाहा, मग १ आणि ३ मध्ये. दोन्ही ठिकाणी ४८ च्या आसपास, ४४ ते ५२ च्या दरम्यान आकडा हवा आणि दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. एकीकडे ४८ आणि दुसरीकडे शून्य असेल, आणि केबल बदलूनही तसंच राहत असेल, तर बोर्ड सदोष आहे. मात्र बोर्डाच्या कंपनीनं '४८ व्होल्ट' असा दावाच केला नसेल, तर ते मोजून तक्रार करता येणार नाही; काही स्वस्त बोर्ड त्याहून कमी व्होल्टेज देतात आणि जाहिरातीतही तसंच लिहितात. जाहिरात वाचूनच मोजायला बसा.

टकटक, चरचर आणि बदललेली पट्टी

रेकॉर्डिंग ऐकलं आणि गायकाची पट्टीच बदललेली निघाली, तर बोर्ड परत पाठवू नका. ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेलं, रेकॉर्डिंग ४८ वर वाजलं की ते जवळजवळ ९ टक्के जास्त वेगानं धावतं आणि हार्मोनियमच्या लगतच्या पट्ट्यांच्या मापानं सुमारे दीड पट्टी वर चढतं. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी ऐकू येतो. विंडोज, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आणि बोर्डाचं कंट्रोल पॅनेल, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा.

टकटक आणि तुटका आवाज यासाठी बफर वाढवा, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून घेतो तो आकडा. ४८ किलोहर्ट्झवर २५६ चा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. मंद लॅपटॉपला तेवढा वेळ पुरत नाही. ५१२, मग १०२४ करून पाहा, वाय-फाय बंद करा, चार्जर लावून पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर न्या. माइक एका यूएसबीवर आणि ऐकणं लॅपटॉपच्या स्वतःच्या आउटपुटवर असं असेल, तर दोघांची घड्याळं वेगळी चालतात आणि ठरावीक अंतरानं टक् येतो. ऐकणंही बोर्डातूनच करा.

१०२४ च्या बफरवर, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या केबलनंही टकटक राहिली, तर ती बोर्डाची. नव्या बोर्डाचं गेनचं बटण फिरवताना चरचर येत असेल तर तीही बोर्डाचीच. 'वापरून मोकळं होईल' असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका, नव्या वस्तूत ती चरचर असता कामा नये.

घूं आणि सूं

परत पाठवलेल्या चांगल्या बोर्डांत या तक्रारीचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं, म्हणून इथे वेळ द्या.

आधी आवाज ओळखा. खर्जातला घूं हा ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीतला, १०० हर्ट्झचा असतो. तो घरातल्या विजेतून येतो. वरचा, शिट्टीसारखा सूं हा बहुधा यूएसबीचा स्वतःचा असतो. जुन्या पद्धतीचे १२ मेगाबिटचे बोर्ड दर १ मिलिसेकंदाला कॉम्प्युटरशी देवाणघेवाण करतात, म्हणून त्यांच्यात १ किलोहर्ट्झची शिट्टी शिरते. ४८० मेगाबिटच्या बोर्डांत ती देवाणघेवाण दर १२५ मायक्रोसेकंदाला होते, म्हणून शिट्टी ८ किलोहर्ट्झला, खूप वर. कानाला खात्री नसेल तर ऑडॅसिटीत तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा. सुळका कुठल्या आकड्यावर उभा आहे ते दिसेल.

मग बोर्डाला अगदी एकटं पाडा. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर भिंतीतून काढलेला, स्पीकर काढलेले, माइक काढलेला, फक्त बोर्ड आणि हेडफोन. या अवस्थेत घूं गेला, तर तो बोर्डाचा नव्हता. आता एकेक वस्तू परत जोडा. चार्जर लावला की येतो? चार्जर बदलून पाहा. विजेवरचे स्पीकर लावले की येतो? मग अर्थिंगचं वेटोळं झालेलं आहे: लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगळ्या ठिकाणांहून अर्थ घेत आहेत. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, आणि बोर्ड व स्पीकर दोन्हींना सोय असेल तर बॅलन्स्ड टीआरएस (टोकाला तीन जोड असलेली, बाहेरची घरघर रोखणारी) केबल वापरा. बऱ्याचदा एवढ्यानंच शांतता होते.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थची तार पोचलेलीच नसते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः सॉकेटमध्ये मल्टिमीटर खुपसू नका. आणि घूं घालवण्यासाठी अर्थची पिन तोडायची 'युक्ती' कुणी सांगितली तर कधीही करू नका. माइकला ओठ लावून गाणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी खोली असेल, तर मोटारी चालू-बंद होताना लाइनवर येणारा खडखडाट रेकॉर्डिंगमध्ये उतरू शकतो. माग बंद असतात त्या वेळी तीच चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही फाइल जपून ठेवा. फरक स्पष्ट असेल तर बोर्ड बदलून काही होणार नाही.

एकट्या अवस्थेतही १ किलोहर्ट्झची शिट्टी राहिली, तर दुसऱ्या लॅपटॉपवर ऐका. तिथे गेली, तर पहिल्या लॅपटॉपची यूएसबीची वीज गढूळ आहे. तिथेही राहिली, तर ती बोर्डाच्या रचनेतच आहे. बाजारात यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण त्यातले स्वस्त बरेचसे १२ मेगाबिटपुरतेच चालतात. ४८० मेगाबिटचा बोर्ड त्यावर पूर्ण क्षमतेनं चालणार नाही. नव्या बोर्डासाठी वरून आणखी पैसे घालण्यापेक्षा तो परत करणं मला योग्य वाटतं.

पुरावा तयार करणारी चाचणी

विक्रेत्याला 'मला ऐकू येतं' यापेक्षा फाइल दाखवता आली पाहिजे. बोर्डाचं आउटपुट १ एका केबलनं त्याच्याच लाइन इनपुट १ ला जोडा. डायरेक्ट मॉनिटर बंद, हेडफोन कानातून काढलेले, गेन खाली. ऑडॅसिटीत १ किलोहर्ट्झचा सूर तयार करा, पातळी -१२ डेसिबल, वाजवा आणि त्याच वेळी रेकॉर्ड करा. दहा मिनिटं चालू द्या. मग रेकॉर्ड झालेला ट्रॅक स्पेक्ट्रोग्राम स्वरूपात पाहा. सूर एक सरळ आडवी रेघ दिसतो. जिथे आवाज तुटला तिथे उभी रेघ उमटते. त्या रेघांचा स्क्रीनशॉट हा वाद न घालता येणारा पुरावा आहे.

मग सगळं तसंच ठेवून फक्त इनपुट २ ला तीच केबल लावा. दोन इनपुटांची पातळी आणि खालची खरखर सारख्याच्या जवळ असली पाहिजे. दुसऱ्या बोर्डाशी किंवा कुणी सांगितलेल्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा ही तुलना खरी, कारण इथे केबल, कॉम्प्युटर, खोली सगळं एकच आहे आणि बदलला तो फक्त चॅनेल.

परत करायचा की ठेवायचा

दोन कॉम्प्युटर आणि दोन केबलांवर दोष बोर्डाबरोबर आला, की निर्णय झाला. दोष कधी येतो कधी जातो, म्हणून थांबू नका. असा बोर्ड तर आधी परत करावा, कारण तो नेमका कीर्तनाच्या रेकॉर्डिंगला दगा देतो आणि तोवर मुदत गेलेली असते.

दोष नसतानाही परत करण्याचं एक रास्त कारण आहे: जाहिरातीत लिहिलेलं बोर्डात नसणं. '२४ बिट ९६ किलोहर्ट्झ' लिहिलं असेल आणि आत पीसीएम २९०२ निघाली, तर ती चिप १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जातच नाही. 'स्टिरिओ रेकॉर्डिंग' लिहिलं असेल आणि आत सी-मीडियाची सीएम १०८ चिप निघाली, तर तिचं माइक इनपुट मोनो असतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमधल्या फॉरमॅटच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या.

बदली मागायची की पैसे, हे दोषाच्या जातीवरून ठरवा. सॉकेट सैल, एक बाजू मुकी, बोर्ड ओळखलाच जात नाही, हे त्या एका नगाच्या बांधणीचे दोष. बदलून आलेला नग चांगला असू शकतो. शिट्टी रचनेतली असेल, किंवा चिपच कमी क्षमतेची असेल, तर दुसरा नगही तसाच येणार. तिथे पैसेच मागा.

काहीही झालं तरी बोर्ड उघडू नका. स्क्रू फिरला, सील तुटलं, की दोष कोणाचा हा वाद तुमच्या अंगावर येतो. नवं फर्मवेअर (बोर्डाच्या आतला प्रोग्रॅम) कंपनीनं अधिकृत दिलं असेल तर एकदा टाकून पाहायला हरकत नाही, पण लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच; मधेच वीज गेली तर चांगला बोर्डही कायमचा बंद पडू शकतो.

परत पाठवताना

मिनिटभराचा व्हिडिओ करा: सीरियल नंबर, दोष, केबल बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच दोष. संदेश लहान आणि नेमका लिहा. उदाहरणार्थ:

'अमुक तारखेला मिळालेल्या बोर्डाचा इनपुट २ चालत नाही. दोन केबल, दोन माइक आणि दोन कॉम्प्युटरांवर तपासलं. इनपुट १ सर्व ठिकाणी चालतो. व्हिडिओ आणि रेकॉर्डिंग जोडलं आहे. मुदतीच्या आत बोर्ड बदलून मिळावा.'

अॅपमधली कारणांची यादी येते तेव्हा 'वस्तू सदोष' हेच निवडा. 'आता नको' निवडलंत तर तक्रारीचं स्वरूपच बदलतं. बोर्ड नेताना कुरिअरच्या माणसासमोर सीरियल नंबर आणि सगळ्या सुट्या वस्तूंचा फोटो घ्या, पावती मागून घ्या.

नवी पेठेतल्या किंवा कुठल्याही दुकानातून घेतला असेल तर आपला लॅपटॉप बरोबर न्या. 'मालक, तुमच्या लॅपटॉपचाच प्रॉब्लेम असणार बघा,' हे उत्तर ठरलेलं असतं. शांतपणे म्हणा, 'भाऊ, तुमच्याच कॉम्प्युटरला लावून दाखवा की.' समोर दोष दिसला की पुढचं बोलणं सोपं होतं. सर्व्हिस सेंटर पुण्याला किंवा मुंबईला असेल तर जाण्या-येण्याचा खर्च कोण करणार आणि किती दिवस लागणार, हे बिलाच्या मागे लिहून घ्या.

विक्रेता ऐकत नसेल तर

बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं असलं तरी सदोष वस्तूला ते लागू करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल, बिलावर दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा त्यातच येते. ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत: वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत निवारण करायचं असतं. म्हणून फोनवर भांडण्यापेक्षा तक्रार लेखी करा आणि तक्रार क्रमांक जपा.

त्यानं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे बरेच विक्रेते जागेवर येतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही सोलापुरातच दाद मागू शकता. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती करायची. बिल, खोकं उघडतानाचा व्हिडिओ, वहीतल्या नोंदी, दोन्ही चॅनेलच्या फाइल आणि विक्रेत्याची लेखी उत्तरं, हे सगळं तारखेच्या क्रमानं लावून तक्रारीला जोडा.